रुमालाखालची मोटार

तेलगावच्या मन्मथआप्पांना बैलातलं जेवढं कळत होतं, तेवढं खुद्द बैलालाही कळत नसेल! बैलाचं तोंड न उघडता ते दात सांगत, खुरावरून चाल सांगत आणि नुसत्या शेपटीकडे बघून मालकाचा स्वभावसुद्धा सांगत. बाजारात त्यांनी एखाद्या बैलाच्या पाठीवर थाप मारून "दमाचा हाय!" म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून घेई. "दम न्हाई" म्हटलं की तो बैल संध्याकाळी मालकाच्या मागं मुकाट घरी जाई. "घेण्याआधी दोन कोस चालवून बघा रे," हा सल्ला तर ते सगळ्यांना फुकट वाटत.

असा हा माणूस मोटार घ्यायला निघाला. तीही जुनी, आणि तीही विजेवर चालणारी!

कारण होतं मेहुण्याचा गृहप्रवेश. कावेरीबाईंच्या धाकट्या भावाने, रुद्रेशने, चौसाळ्याला घर बांधलं होतं. रविवारी अकराचा मुहूर्त होता आणि कलश घेऊन उंबरा आधी आक्कानेच ओलांडायचा, असा त्याचा हट्ट होता. आता कावेरीबाईंचा इतिहास असा, की भावाच्या लग्नात त्या पोचल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि भाचीच्या बारशाला पोचल्या तेव्हा मांडव उतरवत होते. दोन्ही वेळा आप्पांच्या जीपने भर रस्त्यात बसकण मारली होती.

"ह्या टायमाला मी एसटीनं जाणार," त्या म्हणाल्या. "तुमी निवडलेल्या गाडीत मी बसत न्हाई."

हा तर थेट पारखीवरच घाव! आप्पा ताडकन उठले.

"जीप भंगारात घातली ना मी? आता अशी गाडी आणतो की समद्यांच्या आधी तू उंबऱ्यावर हुबी! अकराच्या आत न्हाई पोचलो, तर बैलबाजारात पुन्हा तोंड उघडणार न्हाई. बास!"

हे शेजारच्या दोघांनी ऐकलं. म्हणजे अख्ख्या तेलगावने ऐकलं.

मुलगी स्वप्नाली बीडच्या कॉलेजात शिकवायची. तिने बापापुढे एक कागद धरला. "आप्पा, जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना काय काय बघायचं ते लिहिलंय. एकेक करून विचारा."

"चाळीस वर्षं बैल घेतोय बाई. कधी यादी नेली का?"

"बैलाला बॅटरी नसती आप्पा!"

"दम असतो की!" आप्पांनी कागदाची घडी केली आणि न वाचताच रुमालासोबत खिशात कोंबली.

माजलगावचे बागायतदार विजयसिंह नवी गाडी आणल्यामुळे जुनी विकत होते. माणूस भला. खरं ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच बसलेला. पण तिथंच तर घोटाळा झाला! मालक बोलायला लागला की आपले कान बंद आणि डोळे उघडे, हा बाजाराचा नियम आप्पांनी जन्मभर पाळला होता.

"आप्पा, बॅटरीचं सांगायचं तर..."

"थांबा मालक! तुमी बोलायचं न्हाई. मी बघतो."

आप्पांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. टायर खुरासारखे दाबून पाहिले. वाकून खालून नजर टाकली. पाठीवर थाप मारून गाडी दचकते का तेही पाहिलं. नाही दचकली. मग बॉनेट उघडायला लावलं आणि स्वतःच दचकले.

"इंजिन कुठं गेलं वो?"

"ह्याला इंजिन नसतं आप्पा."

"मंग सुरू करा बरं."

"सुरूच हाय."

आप्पांनी बॉनेटला कान लावला. धूर नाही, थरथर नाही, हूं की चूं नाही. त्यांनी बॉनेटवरून मायेने हात फिरवला. "किती गरीब जनावर हाय!"

विजयसिंहांनी पुन्हा हिय्या केला. "हा सर्व्हिस सेंटरचा कागद बघता का? बॅटरी किती..."

"कागदाला दात अस्तेत का मालक?"

विजयसिंहांनी कागद परत घडी करून ठेवला.

आता शेवटची परीक्षा. बाजारात चाकं फिरू नयेत म्हणून ती बांधून ठेवतात आणि अशी गाडी बैलाला ओढायला लावतात. आप्पांनी अंगणात उभी असलेली उसाची रिकामी ट्रॉली दाव्याने मोटारीला बांधायला लावली. "आवो, गाडी मधून तुटंल!" विजयसिंह ओरडले. कसली तुटते! मोटारीने ट्रॉली गपगुमान पंधरा पावलं ओढली. आप्पांना दम दिसला! दोन कोस, सल्ला, यादी, सगळं विसरून त्यांनी खिशातून रुमाल काढला, विजयसिंहांच्या हातावर टाकला आणि बाजाराच्या रीतीने खाली बोटं दाबून भाव सांगितला. सौदा झाला! रुमालाखालचा सौदा मोडत नसतो.

"एवढं तरी ऐका आप्पा..."

"आता बोलणं पाप हाय!" आप्पा म्हणाले.

स्वप्नाली शनिवारीच मामाकडे मदतीला गेली. रविवारी सकाळी आठला आप्पा निघाले, तेव्हा पडद्यावर बॅटरीचा आकडा शंभर होता. शेजारी कावेरीबाई, नवऱ्याच्या पैजेखातर एसटीचा हट्ट सोडून, नऊवारी नेसून, मांडीवर पितळी कलश धरून बसल्या होत्या. वडवणीला आकडा अठ्ठ्याहत्तर होता. बीडला छत्तीस.

"तिथं चार्जिंगचा पंप दिसतोय," कावेरीबाई म्हणाल्या. "घडीभर लावायची का?"

"माझा बैल बारा कोस वैरण मागत न्हाई. हिला कशाला लागंल? एसी वाढव जरा."

मांजरसुंब्याचा घाट चढताना आकडा असा भराभर उतरला की आप्पांनी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं. घाट संपून गाडी पुढे आली, तर पडद्यावर एक छोटं कासव उगवलं आणि गाडी रांगायला लागली.

"अहो, हे कासव कशाचं?"

"शुभ असतं. म्हादेवाच्या देवळात नसतं का कासव?"

चौसाळा तीन किलोमीटर राहिलं आणि गाडी आवाज न करता चालली होती तशीच आवाज न करता थांबली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आप्पांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, गोंजारलं, शेवटी थाप मारली. काही नाही!

"कासव झालं," कावेरीबाई म्हणाल्या. "आता नंदी तेवढा राहिला."

आणि नंदी होताच! रस्त्याकडेच्या शेतात एक जण बैलजोडीने कुळवाची पाळी घालत होता. आप्पा हात हलवत धावले आणि अर्ध्या वाटेत थबकले. डावीकडचा काळ्या कानाचा बैल ओळखीचा होता. गेल्या साली भर बाजारात, पन्नास माणसांसमोर त्यांनी त्याला "दम न्हाई" म्हणून परत पाठवला होता!

"राम राम आप्पा!" बैलाचा मालक राधाकिशन गालात हसला. "वळखलं का आमच्या काळ्याला?"

आप्पांनी घसा खाकरून अडचण सांगितली. राधाकिशन रस्त्यावर आला, मोटारीभोवती फिरला आणि अगदी आदराने म्हणाला, "घेताना दोन कोस चालवून बघितली न्हाई व्हय?"

आप्पा चौसाळ्याच्या दिशेला बघत राहिले.

"ओढतो की. पैसे नगंत," राधाकिशन म्हणाला. "बाजाराच्या दिशी समद्यांसमोर ह्याच्या पाठीवर थाप मारायची आन दमाचा म्हणायचं."

म्हणजे स्वतःच्या तोंडाने स्वतःची पारख खोटी ठरवायची! आप्पा नाही म्हणणारच होते, पण त्यांची नजर गाडीत गेली. कावेरीबाई कलश घट्ट धरून बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. भांडल्या असत्या तर आप्पांनी ऐकून घेतलं असतं. हे मात्र त्यांना बघवेना.

"मारतो थाप," ते म्हणाले. "जुंप बाबा!"

वरात निघाली. पुढे राधाकिशन, मागे काळ्या आणि त्याचा जोडीदार, त्यामागे दाव्याने बांधलेली मोटार आणि मोटारीत स्टीअरिंग धरून बसलेले मन्मथआप्पा. बायकोला डोळे पुसायला त्यांनी खिशातला रुमाल दिला, तर त्याबरोबर खिशाच्या तळाशी राहिलेली कागदाची घडीही बाहेर पडली. कावेरीबाईंनी ती उलगडली.

"'एक. बॅटरीत किती जीव उरलाय त्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद मागा.' मागितला?"

"मालक देतच व्हते."

"मंग?"

"मी घेतला न्हाई."

"'दोन. पूर्ण चार्ज करून पन्नास किलोमीटर चालवून बघा.' किती चालवली?"

"पंधरा पावलं."

"'तीन. बॅटरीची वॉरंटी आपल्या नावावर होते का? चार. फास्ट चार्जरला लावून बघा. पाच. गाडीवर कुणाचं कर्ज न्हाई ना?'"

आप्पांनी दार किलकिलं केलं. त्यांना वारा हवा होता.

"'सहा. वाकून खालून बघा.'"

"बघितलं!" आप्पा एकदम ताठ झाले.

"काय बघितलं?"

"बैलाचं बघतेत तेच. सवयीनं."

कावेरीबाईंना हसू आवरेना. कलश डुचमळला. "आन हे शेवटचं. 'सात. मालक काय सांगतो ते नीट ऐका.'"

आप्पांनी जोरात हॉर्न वाजवला. तेवढा चालू होता! त्या आवाजाने काळ्याने जी धाव घेतली, ती थेट रुद्रेशच्या मांडवासमोरच थांबली.

अकराला पाच कमी होते! आक्का बैल जुंपून मिरवत आली, असं समजून वाजंत्रीवाल्यांनी दुप्पट जोर केला. पोरींनी मोबाइल काढले. कावेरीबाई उतरल्या, कलश सावरला आणि सगळ्यांच्या आधी उंबरा ओलांडून आत गेल्या. आत जाताना मागे वळून नवऱ्याकडे बघून त्या हसल्या. आप्पांना तेवढं बास होतं.

स्वप्नालीने मोटारीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग बापाकडे. "आप्पा, यादी कुठाय?"

"तुझ्या आईनं वाचली की समदी," आप्पा म्हणाले आणि घाईघाईने पंगतीत जाऊन बसले.

बाजाराच्या दिवशी आप्पांनी शब्द पाळला. भर गर्दीत काळ्याच्या पाठीवर थाप मारली आणि डोळे मिटून म्हणाले, "दमाचा हाय!"

लगेच एक गिऱ्हाईक पुढे सरकलं. "आप्पा, गेल्या साली तर तुमी दम न्हाई म्हणलता! आता कशावरून?"

"तीन किलोमीटर मोटार ओढताना बघितलाय. माणसांसकट."

"अगं बाबौ! कुणाची वो मोटार?"

राधाकिशन दुसरीकडे तोंड फिरवून हसत होता. आजूबाजूची पाच-पन्नास माणसं कान देऊन उभी होती. आप्पांनी घाईघाईने खिशातून रुमाल काढला आणि गिऱ्हाइकाच्या हातावर टाकला.

"आता बोलणं पाप हाय. तू बोटं धर!"