येसू सुगरण मेळाव्याला जाते

एका जंगलात, तळ्याकाठच्या बाभळीवर, नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलं होतं.

"उसवलंत? परत उसवलंत?" येसू सुगरण म्हणाली.

"उसवलं नाही. नव्यानं विचार केला," तिचा नवरा बाजिंदा म्हणाला.

मुलांनो, नीट बसा, आणि भांडणाचा आरंभ चुकला म्हणून हळहळू नका. तो रोज एकसारखाच असे. तुम्हाला एवढंच ठाऊक हवं, की सुगरण पक्ष्यांत घरटं विणतो तो नर. मादी येते, घरटं ओढून-ताणून बघते, पसंत पडलं तर आत जाते आणि अंडी घालते. काम त्याचं आणि नाव तिचं. माणसांत हे उलटं चालतं, पण ते तुम्हाला मोठेपणी कळेल. मुलींना जरा आधी कळेल.

बाजिंद्याची वीण देखणी होती. येसू भाळली ती त्या विणीवरच. पण त्याला एक खोड होती. जंगलात विणकरांचे मेळावे भरत, आणि हा एकही मेळावा चुकवत नसे. येताना नवा टाका शिकून येई. नवा टाका हाती आला, की जुन्या टाक्याचं अर्धं घरटं त्याला डोळ्यांसमोर नको होई. तो ते सोडवून टाकी आणि पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरू करी.

"गवताची पाती आता कुणी वापरत नाही, येसू. सगळे झावळीच्या धाग्याकडे वळलेत."

"मागल्या मेळाव्यात केळीचं सोपट होतं."

"ते जुनं झालं."

"अहो, माझ्या पोटातलं अंडं जुनं व्हायला आलं. ते काय फांदीवर ठेवू?"

बाजिंदा ओशाळला. चोच छातीत खुपसून हळूच म्हणाला, "उद्याचा एवढा एक मेळावा होऊ दे. माझं भाषण आहे."

"कशावर?"

"घरटं लवकर पुरं कसं करावं, यावर."

येसूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापुढे बाभळीचे काटे मऊ वाटावेत. मग म्हणाली, "मीही येते. बघू तरी, बाहेर काय दिवे लावता ते."

मेळावा तळ्यापलीकडच्या शिंदीच्या झाडावर होता. तो सगळ्यांनी मिळून भरवलेला मेळावा होता. म्हणजे तिथं राजा नव्हता, मालक नव्हता, सगळे हौसेनं राबत होते, आणि म्हणून कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. दारात प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं पान बांधत होते. येसूच्या पानावर लिहिलं होतं, 'बाजिंद्यांसोबत'. तिनं ते चोचीनं टराटरा फाडलं आणि तशीच आत शिरली. अडवायची कुणाची छाती झाली नाही.

खर्च सारा कोकिळेचा होता. तिच्या मांडवावर पाटी होती, 'घरटी सर्वांची'. तिनं स्वतः जन्मात एक काडी उचलली नव्हती, पण विणकरांवर तिचा भारी जीव. "बांधा रे बाळांनो, बांधा, आणि दार तेवढं उघडं ठेवा," असं म्हणत ती फुकट अंगरखे वाटत होती. अंगरखे एकाच मापाचे होते, हत्तीच्या. तरी रांग हलता हलत नव्हती.

येसूनं रांगेतल्या एका नराला विचारलं, "भावोजी, तुमचं घरटं कुठल्या झाडावर?"

"सध्या उसवलंय," तो म्हणाला. "आजची भाषणं ऐकली, की ठरवतो."

त्याच्यामागचा पहिल्या गाठीवर अडला होता. गाठ उजवीकडून मारावी की डावीकडून, यावरून त्याचं आणि त्याच्या जिवलग मित्राचं बोलणं बंद होतं. तिसऱ्यानं विणणं सोडूनच दिलं होतं. तो आता विणावं कसं, याचा सल्ला देत हिंडे, आणि त्याचं पोट सगळ्यांत सुटलेलं होतं.

बाजिंद्याची पाळी आली. अर्धा वेळ तो आपण कोण आणि कुठं कुठं बोललो, हेच सांगत बसला. येसू पहिल्या ओळीत डुलक्या घेत होती. मग तो म्हणाला, "आता विणूनच दाखवतो."

मुलांनो, या मेळाव्यांची एक रीत असे. बोलणाऱ्यानं सगळ्यांदेखत विणायचं, आणि बोलणं संपलं की आपलं आपण उसवून फांदी पुढच्याला मोकळी करून द्यायची. घरी घट्ट बसणारी गाठ मांडवात हमखास सुटे, म्हणून सगळे आधीच गालात हसत होते.

पण त्या दिवशी गाठ सुटली नाही. कुणीतरी "वाहवा" म्हणालं, बाजिंद्यानं पुढचा टाका घातला. आणखी कुणी "क्या बात है" म्हणालं, याची चोच आणखी भराभर चालली. येसूची झोप उडाली. घरी एक गाठ मारून दुपारभर तिच्याकडे बघत बसणारा हा नवरा, आणि बघता बघता त्यानं अंड्यांची खोली विणून काढली. आत शिरायची, खाली उतरणारी नळी तेवढी राहिली.

"कुणाला काही विचारायचंय?" व्यवस्थेवरच्या साळुंकीनं विचारलं.

धनेश पक्षी उठला. "माझा प्रश्न असा नाही. थोडं मत आहे," म्हणाला, आणि त्यानं आपलंच भाषण सुरू केलं.

तेवढ्यात येसूच्या पोटात कळ आली. ती उडाली. रिवाजाप्रमाणे तिनं घरटं ओढून पाहिलं, ताणून पाहिलं. टाके पक्के होते. ती आत गेली. लोकांना वाटलं, हाही भाषणाचाच भाग, आणि त्यांनी पंख वाजवले.

धनेशाचं मत बऱ्याच वेळानं आटोपलं.

"वेळ संपली," साळुंकी म्हणाली. "फांदी मोकळी करा. पुढचे केव्हाचे खोळंबलेत."

बाजिंद्यानं पहिल्या गाठीला चोच लावली. "येसू, बाहेर ये बघू. हे उसवायचंय."

येसू आत आणखी ऐसपैस बसली.

"अगं, हे नुसतं दाखवण्यापुरतं होतं. नळी नाही, नीटसं दार नाही. आणि खरं सांगू, मघाशी धनेशरावांनी एक टाका सांगितला, तो याहून सरस आहे. घरी चल, तुला त्या टाक्याचं फक्कड विणून देतो."

पुढचे खोळंबलेले पुढे सरकले. साळुंकीनं घसा खाकरला. सगळा मांडव घरट्याकडे बघत होता.

येसूनं सावकाश डोकं बाहेर काढलं.

"अंडं घातलंय," ती म्हणाली. "आता काय उसवायचं ते उसवा."

तात्पर्य : घर आधी पुरं करावं, मग आत राहायला जावं, असं शहाणे सांगतात. मुलांनो, शहाण्यांचं ऐकू नका. घर अर्धवट असतानाच आत जाऊन बसावं. उरलेलं कसं करायचं, ते बांधणाऱ्याला मग मेळाव्याला न जाताही सुचतं.