मांजर्लीच्या नळाचे राज्य कैसे स्थिर जाहले

श्रीगजानन प्रसन्न. मांजर्लीच्या चाळीत पाण्याचे राज्य डळमळले आणि पुन्हा कैसे सावरले, ती हकीकत शके एकोणीसशे तेरा, प्रजापतीनाम संवत्सरी, जैसी घडली तैसी लिहिली असे.

चाळीत बिऱ्हाडे सात, नळ एक, आणि नळास कुलूप. बारवी धरणाचे पाणी सकाळी घटकाभर येई. जुना दस्तूर ऐसा जे, सर्वांनी मिळून एकीस चावी द्यावी आणि मर्जी फिरताच काढून घ्यावी. मग लोणच्याच्या बरणीवरून कलह होऊन एक पदावरून तगीर होई आणि दुसरीवर एकमत होईना, आणि चावी खुंटीस लटकली असता पाणी निघोन जाई.

तेव्हा नववीतील चिमी, जी शाळेच्या वादसभेत अध्यक्षीय पद्धतीची तरफदारी करून नुकताच कप जिंकून आली होती, जिन्यावर उभी राहिली आणि बोलली जे, संसदेचा खेळ पुरे, थेट मतांनी एकच धनीण निवडावी आणि तिजला वर्षभर कोणी हलवू नये, म्हणजे स्थैर्य. रयत कप पाहोनच दबली. चाळीतलीच मोतीबाई निवडून येऊन गादीवर बसली, आणि लगोलग चावी कमरेस खोचून भातलावणीसाठी बारवीकडे माहेरी कूच करती जाहली.

स्थैर्य ऐसे आले जे काही हलेचना. बाहेर आषाढ कोसळतो, उल्हास नदी कुंपणास टेकते, आणि नळ कोरडा. कुलूप फोडावे तर निवडलेल्या सत्तेवर हात टाकिला, तो चिमीच्याच कायद्याने गुन्हा. हंडे, कळशा, पिंपे ऐसी अवघी फौज रिकामी परतली. चिमीची आई माई बोलली, "आण तुझा तो कप, त्यातलंच पाणी पिऊ."

मग मोतीबाई चिखलाच्या पायांनी परतली. चिमीने फेरनिवडीचा अर्ज गुजारला, तो जबाब आला, "गो चिमे, तूच बोललीस ना, वरीसभर हलवायचं नाय? मंग?" इतक्यात मोतीबाईने सुनेकडे प्यावयास पाणी मागितले. सून विठा, हिने हंडा उपडा करून दाखविला. मोतीबाई उंबऱ्यावर बसली आणि कमरेची चावी काढून पुढे ठेविती जाहली.

तेव्हा चिमीने नवा कायदा मांडिला जे, धनिणीस केव्हाही काढावे, परंतु त्याच बैठकीत दुसरीचे नाव बहुमते ठरवूनच काढावे, आणि तोवर जुनीनेच नळ सोडावा. कायदा मंजूर होऊन चावी चिमीसच बहाल जाहली, आणि चिमी चालू लागली ती मान वर करोनच.

पुढे एके सकाळी दोन वेण्यांस रिबिनी बांधिता चिमीस उशीर जाहला. मोतीबाई गरजली, "चिमीला काढा, विठाला ठेवा!" तीन हात वर आले. सातांत बहुमत करणारा चौथा आला तो माईचा. कायदा आपलाच हे स्मरून चिमीने चावी विठाच्या तळहाती ठेविली, आणि विठाने तत्क्षणी कुलूप काढून नळ सोडिला.

येणेप्रमाणे राज्य उलथले आणि एकही कळशी रिकामी परतली नाही. पदच्युत चिमी रांगेत शेवटची होती. तिचीही बादली काठोकाठ भरली. फत्ते जाहली, सबब नोंदले असे.