चार संचाचं गवत

आमच्या गावात वाघ घुसला ना, तं सारी गल्ली छपरावर चढली, अन् सुलभा मॅडम अंगणात कुंडीपाशी चिमटा घेऊन बसूनच. माह्या सासूनं वरून बोंब मारली, "ओ मॅडम, वाघ आला, वर या!" मॅडमनं घड्याळ पाह्यलं. "थोडं थांब म्हणा त्याले. मुळं कापायची वेळ आहे."

वाघ मागच्या नाल्यानं निंघून गेला. मॅडमले मुळं भेटली.

ह्या आमच्या शेजारीण. सिंदेवाहीकडं कॉलेजात झाडापाल्याचं शिकवत होत्या, आता रिटायर, एकट्याच राह्यतात. मुळाचं टोक सकाळी ठरल्या वेळेलेच कापा लागते म्हणे, तेव्हा त्याच्यातल्या पेशी एकीच्या दोन होऊन राह्यलेल्या असतात अन् गुणसूत्रं मोजता येतात. मंग ते टोक लाल रंगात बुडवायचं, काचेवर ठेवायचं, वरून अंगठ्यानं दाबायचं. दाबून दाबून अंगठा चपटा अन् कत्थ्या रंगाचा झाला. राशनच्या दुकानातली मशीन तो घेतच नाई. दुकानदार म्हणते, "मॅडम, दुसरं बोट आणा." जसं काई घरी ठेवून आल्या.

कोणाच्याबी हातात भाजी-फूल दिसलं का पह्यला सवाल, "संच किती?" अन् जवाब आपणच देतात. केळीवाल्याले म्हणाल्या, "तुझ्या केळीत तीन संच आहेत बाबू, म्हणून बी नाही." तो म्हणे, "बाई, भाव विचारा ना!" एका लग्नात वरमायच्या गजऱ्याकडं पाहून जोरात म्हणाल्या, "शेवंती! डोक्यावर सहा संच घेऊन फिरता!" वरमाय जेवण होईपर्यंत गजरा चाचपून राह्यली, अळ्या आहेत का काय म्हणून.

मी आठवीपर्यंत शिकलेली. एक दिवस विचारलंच, का बा हे संच म्हणजे काय.

मॅडमनं दोन कुंड्या पुढं केल्या. दोन्हीत जंगलातलं एकाच जातीचं गवत. "ह्याच्यात गुणसूत्रांचे दोन संच, त्याच्यात चार. म्हणजे दोन घरं एक झाली समज. आता पेशीत प्रथिनं शिजवायच्या चुली असतात, राइबोसोम म्हणतात. त्या चुली घडवायचे साचे गुणसूत्रावर असतात, शेकडो, हजारो. घरं दुप्पट झाली, तं साचे किती?"

"दुप्पट."

"सुरवातीले दुप्पट. मग पिढ्या जातात तसे बऱ्याच झाडांत काही साचे गळतात. सगळ्यांत नाही. किती गळतात अन् काऊन, तेच मी शोधून राह्यली."

"म्हणजे दोन सुना आल्या, पण पाटा एकच."

"एकच नाही!" मॅडम असं वरडल्या का कोंबडी उडाली. "दुपटीपेक्षा कमी! नीट बोल!"

मंग मले पोरगी झाली, परी.

डॉक्टर म्हणाले, पोरीत एक गुणसूत्र जास्त आहे, अन् छातीतबी आवाज येऊन राह्यला, नागपूरले दाखवा. नवरा गडचांदूरले सिमेंटच्या ड्युटीवर, फोनवर म्हणे, आई म्हणन तसं कर. सासू म्हणे, "देवानं देलं तसं राहू दे. तिथी नेऊन चिरफाड करतीन." रात्रंदिवस मी पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसो, श्वास चालू आहे का नाई. शेवटी पोरीले उचललं अन् पळतच मॅडमकडं गेली.

"मॅडम, हिचंबी गळून जाईन ना? जास्तीचं? तुमच्या गवतासारखं?"

मॅडमनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"नाही," मंग म्हणाल्या. "गवताचं माणसाले लावू नको. हिच्यात अख्खा संच जास्त नाही, एकविसावं गुणसूत्र तेवढं जास्त आहे. त्याच्यावर ते साचेही असतात. पण ते गळतील अन् पोरगी बरी होईल, असं म्हटलं तं मी खोटं बोलली. हृदयाचं मले समजत नाही. ज्याले समजते त्याच्याकडं ने."

असा राग आला मले! दुसरं कोणी असतं तं दोन शब्द गोड बोललं असतं. पण घरी येता येता वाटलं, सारे मले निजवून राह्यले, मॅडमनं एकटीनं जागं केलं. उद्याच जायचं, कोणी काई म्हणो.

"तुमी येता काय?" मॅडमच्या फाटकातूनच परत फिरून विचारलं.

"सकाळी मुळं असतात," मॅडम म्हणाल्या.

सकाळी सासू दारातबी आली नाई. पोरगी छातीशी, पिशवी खांद्यावर, मी एसटीत बसली. गाडी हालली, तं कोणीतरी पत्र्यावर धाडधाड थापा मारल्या. मॅडम! धापा टाकत चढल्या, बाजूले बसल्या.

"मॅडम, मुळं?"

"खिडकी लाव. पोरीले वारा लागते."

नागपूरच्या दवाखान्यात परीले आतमधी नेलं, तपासलं, बाहेर आणून मॅडमच्या मांडीवर देलं. डॉक्टरबाई मले म्हणाल्या, हृदयात छिद्र आहे, ऑपरेशन करा लागन, वेळ लावला तं जड जाईन. "घरच्यांना विचारून सांगा."

सासूचं तोंड डोळ्यापुढं आलं, नवऱ्याचा फोन आठवला.

"मीच घरची आहो," म्या म्हटलं. "करा."

वळून पाह्यलं तं मॅडम मान खाली घालून पोरीच्या पायात मोजा चढवून राह्यल्या होत्या. मोज्याची टाच वर आली होती.

"मॅडम, उलटा घातला."

त्यायनं चश्मा वर केला. डोळे ओले होते.

"कधी कोणाले घातलाच नाही गं," मॅडम म्हणाल्या. "दाखव बरं, कसा घालतात."

मी खाली बसली अन् दाखवलं.