मीठ, दोन शिक्षकांसह

विद्यापीठाने एकत्रित अध्यापनासाठी अनुदान जाहीर केले, तेव्हा रसायनशास्त्राच्या बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. दोन वेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकाच वर्गात, एकाच वेळी उभे राहून पदवीच्या मुलांना शिकवावे, अशी ती योजना. बाईंना मीठ शिकवायचे होते, तेही इतिहासाच्या सरांबरोबर. वर्षभरापूर्वी स्टाफरूममध्ये चहा पिताना मिठावरून दोघांची चांगलीच जुंपली होती, आणि वह्या द्यायला आलेली आठ मुले पुढचा तास बुडवून दारात ऐकत उभी राहिली होती. बाईंच्या वर्गात तीस वर्षांत असे एकदाही घडले नव्हते. निवृत्तीआधी ते भांडण एकदा वर्गात व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

अर्जाच्या पहिल्याच ओळीत अडचण निघाली. ‘शिक्षकाचे नाव’ यापुढे चौकट एकच होती.

“दोघांची नावं कुठे लिहू?” बाईंनी हेडक्लार्कना विचारले.

“एका तासाला दोन शिक्षक म्हणजे एक जण रिकामाच बसणार ना, बाई,” हेडक्लार्क समजुतीच्या सुरात म्हणाले. “त्याचा कार्यभार धरायचा कसा?”

“अहो, योजनाच दोघांची आहे.”

“योजना दोघांचीच आहे. तास एकाचा आहे.”

प्रकरण आंतरविद्याशाखीय समितीपुढे गेले. समितीचे अध्यक्ष अधिष्ठाते होते आणि सातही सदस्य त्यांच्याच विषयाचे, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही. कार्यभार बोललेल्या मिनिटांवर धरावा असे ठरले, आणि मिनिटे मोजायला वर्गात घड्याळ घेऊन एक निरीक्षक बसवण्यात आले.

नमुना तास झाला. बाई चोवीस मिनिटे बोलल्या, सर सव्वीस. चार मिनिटे दोघे एकदम बोलले, ती कोणाच्याच नावावर धरता येईनात. राहिली सहा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले होते, की एवढा समुद्र खारट असताना मिठासाठी माणसं भांडली कशाला? त्यावर दोघेही विचार करत राहिले होते. निरीक्षकांनी त्या सहा मिनिटांपुढे ‘अध्यापन नाही’ असा शेरा मारला.

लगोलग समितीचे पत्र आले. शिक्षकांनी आळीपाळीने बोलावे. एकाने दुसऱ्याचे म्हणणे खोडायचे असल्यास आठवडाभर आधी लेखी कळवावे. विद्यार्थ्यांनी आपला प्रश्न कोणत्या विभागाचा आहे ते आधी ठरवावे. ठरत नसल्यास विचारू नये.

“सोडून देऊ या, बाई,” सर पत्र घडी करत म्हणाले. “आपलं स्टाफरूममधलं भांडण काय वाईट होतं?”

बाई हट्टाला पेटल्या होत्या. चार महिने त्यांनी समितीचे उंबरठे झिजवले, एकेक कलम मागे घ्यायला लावले, आणि अखेर अधिष्ठाते इतके वैतागले की सही करून मोकळे झाले. अट एकच उरली. शुक्रवारी पाचपर्यंत वीस मुलांनी नावे द्यायची, नाहीतर अभ्यासक्रम रद्द.

शुक्रवारी दुपारी तीनला सोळा नावे होती. अधिष्ठात्यांचा मुलगा त्याच वर्षी कॉलेजात आला होता, म्हणून बाई आधी त्यांच्याकडे गेल्या.

“अभ्यासक्रम क्रांतिकारक आहे,” अधिष्ठाते म्हणाले. “आमचा मुलगा जरा साधा आहे हो. त्याला आपला एकच विषय बरा.”

मग बाईंनी सख्ख्या भावाला फोन केला.

“तू शिकवणार म्हणजे झकासच असणार, ताई,” भाऊ म्हणाला. “पण उद्या मुलाखतीत तुझ्या भाचीला विचारलं, काय शिकलीस, तर काय सांगायचं? मीठ?”

“तिला विचारून तरी बघ.”

“तिला काय विचारायचं? ती लगेच हो म्हणेल.”

बाईंनी फोन ठेवला. समितीपुढे चार महिन्यांत एकदाही आले नव्हते, ते रडू त्यांना आता आले. पण पाच वाजायला अजून वीस मिनिटे होती, म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि पुढचा नंबर फिरवला.

तो तुमचा होता. तुम्ही सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतलीत, हेडक्लार्कना आणि समितीला मनसोक्त हसलात, विद्यापीठांचं हे असंच असतं म्हणालात. मुलाचा प्रवेश मात्र तुम्ही आधीच दुसरीकडे करून टाकला होता, चांगल्या, सरळ, एका विषयाला. योजना फार चांगली आहे, हे तुम्ही आवर्जून सांगितलेत.