शमुवेल सरांची मागणी

चर्चच्या छपराचे वासे वाळवीने आतून पोखरले होते आणि बाहेरून चर्च नवरीसारखे नटलेले दिसत होते, हीच पंच कमिटीची पंचाईत होती. गेल्या नाताळात तरुण संघाने भिंतींना असा झकास रंग दिला होता की दुरुस्तीसाठी मदत मागायला गेले की लोक म्हणत, "तुमचं चर्च आमच्या घरापेक्षा भारी हाय की! तुम्हीच आमाला द्या कायतरी."

शेवटी रविवारी भक्तीनंतर निधी मोहिमेची बैठक भरली. मोहिमेची सूत्रे प्रियदर्शनीकडे होती. ही मुलगी एका कंपनीत कामाला होती आणि मोबाइलशिवाय तिला कुणी पाहिले नव्हते.

"लोकांना वाळवी दिसाय पायजे," ती म्हणाली. "एक कौल काढायचं, खालचा वासा दाखवायचा, मी समोरनं लाइव्ह करतो. बघा मदत कशी येत्या ती!"

"पण वर चढणार कोण?" चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकांनी, विचारले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कमिटीचे सेक्रेटरी शमुवेल सर मात्र बाह्या सरसावत होते. सर पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण पांढरे कॅनव्हासचे बूट काही त्यांच्या पायातून निवृत्त झाले नव्हते.

"अख्खी शाळा मल्लखांबावर चढवल्या मी. कौलाचं काय घेऊन बसलाय?"

"सर, तुमचा गुडघा..." पाळक हळूच म्हणाले.

"गुडघा खाली दुखतोय. वर न्हाई."

ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दुकानाची खाली उतरवलेली पाटी रंगवायला पिराजी पेंटर आला होता. सरांनी त्याची शिडी मागितली. "धा मिंटात देतो," असे ते म्हणाले. आता कोल्हापुरात दहा मिनिटे म्हणजे दुपारपर्यंत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण पिराजी नेमका वेळेचा पक्का निघाला. पाटी रंगवून तो चर्चमागे लावलेल्या शिडीपाशी आला, तेव्हा सर छपराच्या पलीकडच्या, रस्त्याकडच्या उतारावर होते. पिराजीला कुणी दिसले नाही. शिडी सायकलला बांधून तो पुढच्या कामाला शाहूपुरीकडे निघून गेला.

इकडे प्रियदर्शनी रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानाच्या गॅलरीत उभी राहून लाइव्ह करत होती. सरांनी एक कौल उचलले, भुगा झालेला वासा दाखवला आणि दणदणीत आवाजात छोटेखानी भाषण केले. ते रस्त्याच्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेले नाही. मग ते उतरायला वळले आणि पाहतात तो काय... शिडी नव्हती!

"शिडी!" सर ओरडले. "शिडी पायजे! शिडी!"

खालून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्याने ब्रेक मारला. "काय म्हणतंय ओ म्हातारं?"

"गाडी पायजे म्हणतंय," पानपट्टीवाला म्हणाला.

"गाडी न्हाई, साडी!" कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या तानाबाई ठणकावून म्हणाल्या. "मी नीट ऐकलंय. साडी पायजे!"

"ह्या वयात साडी?"

"बायकूला असंल की! शिका जरा. आमच्या मालकांनी कवा रुमाल सुदीक आणला न्हाई."

झाले! बातमी चौकात पसरली. कोल्हापुरात कुणी उंचावर चढून काही मागू लागला, की मागणी काय आहे ते समजण्याआधी लोक पाठिंबा देऊन टाकतात. बघता बघता रस्ता भरला. कुणीतरी हलगी आणली. "साडी द्या, साडी द्या! सरांना साडी द्या!" अशा घोषणा दुमदुमू लागल्या. त्या ऐकून पुढारी संग्रामदादा गाडीतून उतरले. त्यांनी दोन्ही हात वर केले, तशी गर्दी गप्प झाली.

"सर, तुमची मागणी मान्य हाय! या खाली!"

"खाली यायलाच शिडी पायजे!" सर कळवळून ओरडले, पण तेवढ्यात हलगी पुन्हा कडाडली.

"व्हय व्हय, साडी घिऊनच खाली या! काठाची का बिनकाठाची, तेवढं सांगा!"

सरांनी कपाळाला हात लावला.

एव्हाना कुणीतरी सरांच्या घरी फोन केला होता. शालूबाई पिठाच्या हातांनी रिक्षातून उतरल्या. नवऱ्याला चांगले फैलावर घ्यायचे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेले होते. पण गर्दीने अदबीने वाट करून दिली. बायका त्यांच्याकडे हेव्याने बघू लागल्या. "नशीब काढलासा बाई," तानाबाई म्हणाल्या. शालूबाई थबकल्या. त्यांनी वर पाहिले. मग पदराने हात पुसले आणि हलगीवरही मात करणाऱ्या आवाजात हाक दिली, "अवं, कंच्या रंगाची?"

सरांनी खाली पाहिले. 'शिडी' हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर होता. पण खाली शालूबाई हसत होत्या. लग्नाच्या मांडवात हसल्या होत्या, तशा. सरांनी शब्द गिळला. ते आढ्याला धरून उभे राहिले आणि आपल्या पी.टी.च्या आवाजात गरजले,

"मोरपंखी!"

गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच क्षणी पायाखालचा वासा कडकन मोडला आणि सरांचा एक पाय मांडीपर्यंत कौलांतून आत गेला.

लोक धावत चर्चमध्ये शिरले. प्रवचनाच्या व्यासपीठाच्या बरोबर वर छपरातून एक पांढरा बूट लोंबत होता आणि त्याच्याभोवती भुसा झरत होता. सगळ्यांच्या माना वर गेल्या, त्या वरच राहिल्या.

"आयला!" संग्रामदादा म्हणाले. "वाळवीनं काय ठेवलंच न्हाई की हितं!"

पिराजीला फोन गेला, शिडी परत आली, सर उतरले. पोटरीवर थोडे खरचटले होते, एवढेच. पण प्रियदर्शनीचे लाइव्ह शहरभर गेले होते. शाहूपुरीतल्या एका दुकानदाराने सरांसाठी साडी पाठवली. ते कळताच समोरच्या दुकानदाराने ईर्षेने दोन पाठवल्या. मग गावात साडीवाला म्हणून कुणी मागे राहायला तयार होईना. पाळकांच्या खोलीत साड्यांचा डोंगर झाला.

पाळक सरळमार्गी माणूस. रविवारी त्यांनी दुकानदारांना बोलावून सगळ्यांसमोर खुलासा केला, की मागणी साडीची नसून शिडीची होती आणि साड्या परत नेल्या तरी चालतील.

"दिलेली साडी आमी परत घेत न्हाई," एक दुकानदार फणकारला. "इका आणि छप्पर करा!"

साड्यांचा सेल तुफान चालला. संग्रामदादांनी लाकूड दिले. छपराचे काम सुरू झाले.

तो खुलासा होताना सर मान खाली घालून बसले होते. सेल संपला त्या संध्याकाळी, शालूबाई सेलमध्येच घेतलेल्या मोरपंखी साडीची घडी मोडत असताना, त्यांना राहवले नाही.

"तुला वाईट वाटलं असंल न्हवं? मी खरं शिडीच मागत हुतो."

"वाईट कशाला? मला ठावं हुतं की. रिक्षातनं येताना शाहूपुरीत पिराजी शिडीवर चढलेला दिसला हुता, आणि तुमी शिडीबिगर वर."

"मग रंग कशाला इचारलास?"

शालूबाईंनी पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिले.

"तुमी वर अडकला हुतासा म्हणून. खाली असताना कवा व्हय म्हणालाय काय?"