विष्णुपंतांचा राक्षस

मराठी बालवाङ्मयाचे दोन कालखंड पडणार होते : विष्णुपंतांच्या आधीचा आणि नंतरचा. हट्टा गावचे निवृत्त पोस्टमास्तर विष्णुपंत यांनी १९७३ च्या उन्हाळ्यात ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला घरात फक्त त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाय वर घ्या, झाडायचंय."

पंतांनी लिहिलेली कादंबरी परीराज्याची होती. शेवटी राजपुत्र राक्षसाची सातही मुंडकी उडवी. वसमतच्या छापखानेवाल्याची अट एकच होती : पुस्तक मुलांसाठी योग्य आहे असं एखाद्या गुरुजींचं पत्र आणा, तरच छापतो. पंतांनी बाड शाळेतल्या भिवाजी गुरुजींच्या हवाली केलं.

"लिवलं झकास," गुरुजी म्हणाले. "पण पंत, राक्षस काळाच काहून? अन् गावाबाहेरच काहून राहून राहिला?"

"मग राक्षसानं राहायचं कुठं?"

"माह्या वर्गातली निम्मी लेकरं काळी हायेत, अन् गावाबाहेरच राहतेत. मुंडकं उडलं की त्यांनी टाळ्या वाजवायच्या का न्हाई, तेवढं सांगा."

पंत ओशाळले. आठवडाभर बसून त्यांनी राक्षसाला गोरा केलं आणि गावात, देवळाशेजारी बिऱ्हाड करून दिलं.

गावात बातमी फुटली आणि लगेच मेहुणा आला. राधाकृष्ण, देवळाचा पुजारी.

"भाऊजी, गोरा, ढेरपोट्या, देवळाला लागून घर. नाव तेवढं काहून झाकलं?"

"अरे, तो माणसं खातो."

"तेच लोक मला विचारून राहिलेत."

मग राक्षस भाकरी खाऊ लागला. भाकरी खाणाऱ्याला मारायला कारण सापडेना, म्हणून राजपुत्राच्या तलवारीची धार गेली, पाठोपाठ तलवार गेली. बिनतलवारीचा माणूस घोड्यावर बरा दिसेना, म्हणून तो पायी आला. शेवटच्या प्रकरणात दोघांनी एकमेकांची प्रकृती विचारली.

गुरुजींनी हे सगळं वर्गात मोठ्यानं वाचलं. पंत कोपऱ्यातल्या खुर्चीत कान टवकारून बसले होते. 'समाप्त' आलं. पुढच्या ओळीतल्या पद्मानं हात वर केला.

"गुरुजी, गोष्ट कवा सुरू होनार?"

गुरुजींनी पत्र मात्र दिलं, सहीशिक्क्यानिशी : 'या पुस्तकाने मुलांना काहीही होणार नाही.'

पंत त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग पत्राची घडी घालून त्यांनी ते परत केलं.

"राहू द्या गुरुजी. छापायचं नाही."

गुरुजींनाही वाईट वाटलं.

"पंत, एक मागू का?"

"मागा."

"बाडाचे कागद मागून कोरे हायेत. यंदा वह्या मिळून न्हाई राहिल्या. लेकरांना गणितं सोडवायला ठेवू का?"