हावेलीनांच्या स्वारीची व पालोमा गल्लीच्या कंदिलांची कैफियत

श्री. ऍरिझोना प्रांती, फिनिक्स शहराचे दक्षिणेस, जेथे पाऊस पाहुण्यासारिखा उभ्या उभ्या येऊन जातो आणि ऊन जावयासारिखे मुक्काम ठोकते, तेथे ओकोतियो नामे वसाहत, आणि ते वसाहतीत पालोमा नामे गल्ली. ते गल्लीवर नाताळाचे अगोदरचे सप्ताही जो दुर्धर प्रसंग गुजरला, तो ऐकिल्या-पाहिल्याप्रमाणे, पदरचे मीठमिरची बेताने घालून, येथे लिहिला आहे. वाचणारास हसू आल्यास हसावे, परंतु ते समयी कोणास हसू आले नाही, हे ध्यानी धरावे.

ते गल्लीच्या अधिपती व्हर्लीनबाई स्टबलफील्ड. बाईंनी उमेदीची सर्व वर्षे शाळेची बस हाकिली, तेणेकरून आवाज ऐसा की एक हाक मारिली तर तीन घरची कुत्री खाली बसत. निवृत्तीनंतर वसाहतीच्या साप्ताहिकात 'सणासुदीच्या सूचना' म्हणोन सदर लिहू लागल्या, आणि त्या सूचना तमाम रयत शिरसावंद्य मानी. लिंबाच्या झाडास थंडीत जुनी चादर पांघरावी, प्लास्टिक पांघरू नये. निवडुंगास दिव्यांची माळ चिमट्याने गुंडाळावी, जो हाताने गुंडाळील तो नाताळ काटे उपसण्यात घालवील. आणि खाण्याची वस्तू अंगणात ठेवू नये, ठेविल्यास हावेलीना येतील. हावेलीना म्हणजे रानडुकराचा धाकटा चुलतभाऊ. ठेंगणा, राठ केसांचा, दृष्टीने अधू, नाकाने तल्लख, आणि वासाने ऐसा की तो येऊन गेला हे दुसरे दिवशीही कळावे.

या गल्लीचा नामांकित सोहळा म्हणजे कंदिलांची सांज. नाताळापूर्वीच्या शनिवारी कागदी पिशवीत वाळू भरून, वाळूत मेणबत्ती रोवून, ऐशा पिशव्यांची रांग दुतर्फा लावावी, दिवस मावळता पेटवावी आणि सर्वांनी रस्त्यावर खुर्च्या टाकून बसावे. परंतु वसाहतीच्या समितीचे मनात काही वर्षे आले होते की ज्वाळा, वाळू, रस्ता हे सर्व जोखमीचे, तर सोहळा सभागृहात नेऊन बॅटरीचे दिवे लावावेत. यंदा समितीचे अध्यक्ष खासे पाहणीस येणार, आणि तिळमात्र गडबड दिसली तर कंदील बंद, ऐसे फर्मान सुटले. व्हर्लीनबाईंनी ते फर्मान वाचिले आणि त्या दिवशी जेवण गोड लागले नाही.

दुसरे शल्य घरालगतचे होते. शेजारीण सोकोर्रोबाई बेहारानो यांचे व बाईंचे संबंध तुटले होते. पूर्वी दर नाताळास सोकोर्रोबाईंकडून तामाले येत, म्हणजे मक्याच्या पिठात मांस भरून कणसाच्या पानांत वाफवलेले, ऐसे की ज्याने एक खाल्ले तो दुसऱ्यासाठी लाज सोडी. परंतु गेल्या मार्चात व्हर्लीनबाई हिवाळाभर लेकीचे बाळंतपण करून ऑरेगॉनाहून परत आल्या आणि पाहतात तो शेजारच्या वळचणीस नाताळाचे दिवे अद्याप लोंबताहेत. बाईंनी मागचा-पुढचा विचार न करिता सदरात लिहिले की काही घरी नाताळ ईस्टरपर्यंत उतरत नाही. नाव घेतले नाही, परंतु गल्लीत दिवे एकाच घरी होते. ते दिवसापासोन तामाले बंद, बोलणे बंद, आणि भिंतीवरून होणारी संत्र्यांची देवघेवही बंद.

आता सोकोर्रोबाईंच्या पलीकडले घरी मिनेसोटा प्रांतीहून लॉवेलराव अमुंडसेन नामे गृहस्थ नुकते राहावयास आले होते. माणूस विधुर, सालस आणि उत्साहाने ऐसा भारलेला की त्यास आवरणे म्हणजे उतू जाणारे दूध फुंकरीने थांबविणे. त्यांनी अंगणात येशूजन्माचा गोठा उभारिला. गवताचा भारा आणिला, भोपळे रचिले, सफरचंदे व गाजरे पसरिली. सूचना वाचिली नव्हती काय, ऐसे पुढे विचारता उत्तर केले की, "वाचली होती हो. मला वाटलं, हावेलीना म्हणजे कुठलीशी संघटना असेल."

शुक्रवारी सायंकाळी पिशव्या वाळू भरून दुतर्फा मांडून जाहल्या आणि सूर्य डोंगराआड गेला. ते संधीस कोरड्या ओढ्याच्या वाटेने हावेलीनांची फौज निघाली. पुढे बुजुर्ग मादी, मागे शिलेदार, मध्ये पिले. आणि भोपळ्याच्या वासाचा माग काढीत लॉवेलरावांच्या उघड्या फाटकातून थेट गोठ्यावर सुलतानढवा केला. भोपळे फोडिले, गाजरे लुटिली, गवत तुडविले. लॉवेलराव ते समयी सांताक्लॉजचा लाल पोशाख अंगास बेतून पाहात होते. गलबला ऐकोन तैसेच दाढीसह बाहेर आले आणि घाईत फाटकाखालचा दगड पायाने उडविला. फाटक स्प्रिंगचे, ते धाडकन मिटले आणि कडी आतून पडली. फौज कोंडली. मागे माजघराचे दार, पुढे फाटक, परंतु दोहोंकडे डुकरे. म्हणोन लॉवेलराव अंगणातल्या टेबलावर चढले आणि तेथून व्हर्लीनबाईंस फोन केला की अग्निशमन दलास बोलावितो.

बाईंनी जागच्या जागी हुकूम केला की खबरदार, बंब गल्लीत शिरला तर उद्या समितीस कळेल आणि कंदील गेले म्हणोन समजावे. हावेलीना माणसावर चालून येत नाही, वाट न मिळाली तरच येते. तर वाट देणे. परंतु फाटक उंच, पत्र्याचे, पुढले दार आतून बंद. कडीस हात पोचेल ऐशी जागा एकच, आणि ती सोकोर्रोबाईंच्या परसातल्या भिंतीवरून.

व्हर्लीनबाई सोकोर्रोबाईंच्या दारापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. उन्हाच्या काहिलीत, वाळूच्या वादळात, चाळीस पोरे मागे ओरडत असता ज्यांनी बस हाकिली, त्यांचे बोट घंटीपाशी जाऊन दोनदा माघारी आले. तिसरे वेळी दाबिली. सोकोर्रोबाई पिठाचे हातांनी बाहेर आल्या. आत तमाम गणगोत टेबलाभोवती तामाले वळीत बसले होते. हकीकत ऐकोन सोकोर्रोबाईंनी दार पुरते उघडिले. त्यांचे यजमान फेर्मीनराव काठी टेकीत उठले आणि झाडावरची पपनसे उतरविण्याची लांब आकडी काढून दिली. शिडी भिंतीस लागली, व्हर्लीनबाई आकडी घेवोन चढल्या, आणि शिडीचे पाय सोकोर्रोबाईंनी धरिले.

"पोचलात वर?" सोकोर्रोबाई खालून म्हणाल्या. "मग आता बोलू. माझे दिवे मार्चपर्यंत का लोंबत होते, ते कधी विचारलंत?"

"अगं, आत्ता? त्या माणसाभोवती डुकरं आहेत."

"डुकरं कुठं जात नाहीत. तुम्हीही जात नाही. शिडी माझ्या हातात आहे."

मग सोकोर्रोबाईंनी जे मार्चापासोन पोटात ठेविले होते ते सांगितले. "फेर्मीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. अख्खा हिवाळा खाटेवर पडून होता. खिडकीतनं ते दिवे तेवढे दिसायचे त्याला. काढते म्हटलं की भिंतीकडं तोंड करायचा. म्हणून नाही काढले. आणि तुम्ही पेपरात छापलंत."

शिडी हालली नाही, परंतु बाई हालल्या. क्षणभर आकडी हाती आहे, खाली फौज आहे, हे विसरल्या. मग ज्या आवाजाने कुत्री खाली बसत, तो आवाज अगदी हळू निघाला. "मी परत आल्यावर आधी तुझं दार वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं. चुकलं माझं, सोकोर्रो."

पलीकडून लॉवेलरावांची विनंती आली. "बायांनो, तुमचं सावकाश होऊ द्या. फक्त हे टेबल जरा डुलतंय."

सोकोर्रोबाईंनी एक हात शिडीवरून काढून डोळे पुसले, तेणेकरून कपाळास पीठ लागले. "कडी डाव्या हाताला आहे," त्या म्हणाल्या. "वाक थोडी. मी धरलंय तुला."

येथे 'तुम्ही'चे 'तू' जाहले. थोर लढाया याहून थोडक्यात फिरल्या आहेत.

व्हर्लीनबाई कमरेपासोन वाकल्या आणि आकडीने कडी उचलोन फाटक खेचिले. ते पाहताच फेर्मीनरावांनी इकडून तामाल्यांच्या थोरल्या पातेल्याचे झाकण काठीने बडविण्यास आरंभ केला. तो तोफखाना ऐसा धडाडला की बुजुर्ग मादीने दात कडाकडा वाजविले, पिले पोटाखाली घेतली आणि सारी फौज वाट फुटेल तिकडे, म्हणजे दुर्दैवे करोन गल्लीतून, पळाली. गेली ती उजवे बाजूची पिशव्यांची रांग तुडवीत, वाळू उधळीत, ओढ्यात उतरोन नाहीशी जाहली. लॉवेलराव टेबलावरून उतरले ते उतरताच खाली बसले, आणि दाढी काढावी हे त्यांस बराच वेळ सुचले नाही.

रस्त्याची दशा पाहोन व्हर्लीनबाईंचा धीर सुटला. परंतु सोकोर्रोबाईंनी घरात वळोन एकच आज्ञा केली की पीठ झाकून ठेवा आणि बाहेर या. तैसे अवघे बेहारानो कुटुंब, मावश्या, भाचे, सुना, हात धुऊन रस्त्यावर उतरले. शनिवारी सकाळी पुन्हा लागले. कोणी वाळू चाळी, कोणी पिशवीची कड दुमडी, कोणी अंतर धरी. लॉवेलरावांस वाळू वाहण्याची सजा फर्माविली, ती त्यांनी इतक्या आनंदे भोगिली की सजा कमी पडली ऐसे सर्वांचे मत पडले.

दिवस मावळला आणि कंदील लागले. दोन्ही बाजूंनी सोनेरी रांग, मागे काळा डोंगर, वर थंड स्वच्छ आभाळ. समितीचे अध्यक्ष हात पाठीशी बांधोन चालत आले. सर्व न्याहाळिले, दोष दिसेना. तो एका पिशवीशी थबकले. तीस एका कोपऱ्यास नीट अर्धचंद्राकार चावा होता. अध्यक्षांनी पुसिले की हे काय. तेव्हा लॉवेलराव पुढे होऊन बोलिले, "आमच्या मिनेसोटात एक पिशवी अशीच करतात. शुभ असतं." अध्यक्षांनी मान डोलविली, एक तामाले मागोन घेतले, मग दुसरेही मागितले, आणि जाताना हुकूम दिला की सोहळा पुढेही रस्त्यावरच व्हावा, सभागृहाचा विचार रद्द. लोक टाळ्या वाजवू लागले, लॉवेलराव उगाच वाकून मुजरे करू लागले, आणि व्हर्लीनबाई हसता हसता खुर्चीतून घसरल्या.

येणेप्रमाणे पालोमा गल्लीची फत्ते जाहली, शत्रू ओढ्यापार गेला, कंदील रस्त्यावर कायम राहिले, ते येथे नोंदिले. तहाचा कागद कोणी केला नाही. सोकोर्रोबाईंनी निळ्या काठाच्या ताटात तामाले भरोन व्हर्लीनबाईंस दिले. भरून आलेले ताट रिकामे धाडू नये म्हणोन बाईंनी संत्री घालोन पाठविले, तिकडून मुरंबा आला, इकडून केक गेला, आणि आता ते ताट मूळचे कोणाचे हे दोघींसही आठवत नाही, व कोणी विचारीतही नाही.